वसतिगृहासाठी पवनचक्की बसवायची आहे, अनुदान कुठून मिळेल? (काटोल, जि. नागपूर)

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात आमच्या संस्थेचं मुलांचं वसतिगृह आहे. साठ मुलं, एक लहानसं टेकाड, खाली चहूकडे संत्र्याचे बगीचे. मी सेवानिवृत्त शिक्षक, आता संस्थेचा सचिव. म्हणजे किराणा, बोअरची मोटर आणि रुसलेला स्वयंपाकी हे सगळं माझ्याच खात्यात.

गेल्या आठवड्यात भर दुपारी असा वारा सुटला की भांडी घासायच्या शेडवरचे दोन टिन उडून खाली बगीच्यात गेले. ते शोधताना मनात आलं, एवढा वारा फुकट चालला आहे. इकडे रात्री लाइन गेली की मुलं मोबाइलच्या उजेडात पाढे म्हणतात.

एका पुरवठादाराला बोलावलं. ५ किलोवॅटची पवनचक्की, खांब, बॅटऱ्या, इन्व्हर्टर मिळून साडेनऊ लाख सांगितले. म्हणाला, "सर, अर्धे सरकार देते, तुम्ही फक्त अर्ध्याचं पाहा." कोणतं खातं विचारलं तर एक झेरॉक्स हातात ठेवली. परदेशी संस्थाही अशा कामाला पैसे देतात असं ऐकलं आहे. नेमकं कोणाकडे मागायचं आणि अर्ज कसा लिहायचा, हे इथल्या जाणकारांनी सांगावं.

तर्रीवाला
मास्तर, टिन सापडले का?

टेकडीवरचा
एक सापडला.

सातपुडा_वारा
सर, त्या झेरॉक्सवर तारीख कोणती आहे ते पाहा बरं.

टेकडीवरचा
कोपऱ्यात पुसटसं २०१३-१४ दिसतंय.

सातपुडा_वारा
वाटलंच. मी पंधरा वर्षं पवनचक्क्यांवर काढली, आधी साताऱ्याकडे चाळकेवाडी-वणकुसवडेच्या पठारावर, मग धुळ्याकडे ब्राह्मणवेलला. आता नागपुरात घरी असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ती झेरॉक्स खोटी नाही, शिळी आहे. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची लघु पवन आणि संकरित (वारा आणि सौर जोडून चालणाऱ्या) प्रणालींसाठी योजना होती. किलोवॅटमागे साधारण एक लाख रुपये मिळत, धर्मादाय संस्थांना एका टप्प्यावर दीड लाखही होते. म्हणजे ५ किलोवॅटला पाच लाख, हाच तुमच्या पुरवठादाराचा 'अर्धा'. ती योजना मार्च २०१७ ला संपली. मोठ्या पवनचक्क्यांना युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन मिळायचं, तेही त्याच महिन्यात थांबलं. कारण सरळ आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये वाऱ्याच्या विजेचा देशातला पहिला लिलाव झाला आणि दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. इतक्या स्वस्तात वीज द्यायला लोक रांगेत उभे असताना सरकार वर पैसे कशाला देईल?

वाऱ्याला अनुदान अजिबात नाही असंही नाही. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, पण ती गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात उभारायच्या पवनचक्क्यांसाठी. काटोलला समुद्र लागेपर्यंत थांबावं लागेल.

आता अनुदानापेक्षा महत्त्वाची गोष्ट. वारा मोजला का?

टेकडीवरचा
टिन उडाले यावरून अंदाज केला.

तर्रीवाला
😂😂 मास्तर, तुम्ही विज्ञान शिकवत होते का मराठी?

टेकडीवरचा
मराठी. आणि दोन वर्षं पी.टी.

सातपुडा_वारा
हसू नका हो, निम्मे लोक असंच करतात. सर, वाऱ्याचं गणित घनाचं आहे. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, निम्मा झाला की आठवा हिस्सा. ५ किलोवॅटच्या चक्कीचं पातं फिरतं ते वर्तुळ धरा ५ मीटर व्यासाचं, म्हणजे १९.६ चौरस मीटर. वाऱ्यातली सगळी शक्ती काही काढता येत नाही, निसर्गाचीच मर्यादा ५९.३ टक्के आहे. लहान यंत्राच्या हाती तीस टक्के लागले तरी खूप.

सेकंदाला १२ मीटर वाऱ्याला ती साडेपाच किलोवॅट देईल. पाटीवर जो आकडा लिहितात तो या वाऱ्याचा. ६ मीटरला सातशे वॅट. आणि ३ मीटरला, म्हणजे नागपूरकडे झाडाचं पान हलतं त्या रोजच्या वाऱ्याला, ८७ वॅट. एक जुना सिलिंग फॅन कसाबसा फिरेल. साडेनऊ लाखांची चक्की वारा खाणार आणि त्यावर फॅन लावून आपण वारा खाणार.

टिन उडवतो तो झोत असतो, दोन-चार मिनिटांचा. त्या वेळी चक्की स्वतःला वाचवायला तोंड फिरवून घेते, वीज देत नाही.

मोसंबी
बरोबर आहे भाऊचं. मी त्याच पट्ट्यातला, टेकाडाच्या खालीच बगीचा आहे माझा. मे ते जुलै हवा असते. कोजागिरीनंतर इथं धूर सरळ वर जाते. हिवाळ्यात शेकोटीचा धूर पाहा, काडी रोवल्यासारखा उभा राहते.

झिरोमाइल
मग विदर्भात पवनचक्की होऊच शकत नाही का? चिखलदऱ्याला जाताना मोथ्याजवळ पाहिल्या आहेत मी.

सातपुडा_वारा
मोथा सातपुड्याच्या माथ्यावर आहे, गाविलगडच्या डोंगरात. तिथलं आणि काटोलच्या टेकाडाचं काय घेऊन बसलात. आणखी एक सांगतो. मॅंगनीजवाली मॉइल कंपनी आपल्या नागपूरची, मुख्यालय इथलंच. तिच्या स्वतःच्या २० मेगावॅट पवनचक्क्या आहेत, पण त्या उभ्या आहेत मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात, नागदा आणि रातेडीच्या टेकड्यांवर. खाणी इकडे, चक्क्या तिकडे. ज्यांच्या खिशात पैसे होते ते वारा शोधत पाचशे किलोमीटर गेले.

मोठ्या चक्क्यांचा दांडा शंभर-सव्वाशे मीटर उंच असतो. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था राज्याराज्यांची क्षमता काढते ती १२० आणि १५० मीटर उंचीवर. तिथला आकडा पाहून १८ मीटरचा खांब रोवू नये. खांबाचा ढोबळ नियम असा की दीडशे मीटरच्या आतलं जे सगळ्यात उंच झाड किंवा इमारत असेल, त्याच्याही ९ मीटर वर पातं हवं.

ग्लोबल विंड ॲटलास हा इंटरनेटवरचा वाऱ्याचा नकाशा फुकट आहे. त्यात १० मीटर उंचीचा आकडा बघा. मग वर्षभर साधं वाट्यांचं वायुवेगमापक लावा. त्याआधी एक रुपया कोणाकडे मागू नका.

तर्रीवाला
धागा संपला का मग? मी आत्ताच पोहे घेऊन बसलो होतो.

अर्जवाली
संपला नाही, आता कुठे सुरू झाला. मी गेली बारा वर्षं संस्थांचे प्रस्ताव लिहिते. सर, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली. लाइन जाते म्हणजे नेमकी किती वेळ? आणि त्या वेळात काय काय चालायला हवं? पवनचक्की हे उत्तर झालं, देणगीदार आधी प्रश्न विचारतो.

टेकडीवरचा
ताई, संध्याकाळी साडेसातनंतर जाते, तीन तास धरा. रोज नाही, पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बरेचदा. चोवीस दिवे आणि पंधरा पंखे चालले तर मुलं झोपतात तरी. मोटर दिवसा चालवतो.

अर्जवाली
दिवे एलईडी का? ९ वॅटचे? मग २१६ वॅट. पंखे जुने असतील तर ७५ वॅटचे, पंधरांचे झाले ११२५. दोन्ही मिळून तीन तासांना चार युनिट. हेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, साधारण ३० वॅटचे, तर सगळं मिळून दोन युनिट.

दोन युनिट सर! एवढ्यासाठी तुम्ही साडेनऊ लाखांचा अर्ज करायला निघाला होता. गरज मोजली की मागायची रक्कमच उतरते, आणि लहान रकमेचा, हिशेब चोख असलेला अर्ज लवकर मंजूर होतो. हा माझा अनुभव आहे, नियम नाही.

टेकडीवरचा
ताई, रात्रभर हा आकडा पाहत बसलो. मंडळाच्या बैठकीत मी साडेनऊ लाखांचं भाषण देऊन बसलो आहे.

प्रकाश_किरण
सर, सूर्यघर योजना घ्या नं. ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात. माझ्या मेव्हण्याला मिळाले.

खातेवही
मेव्हण्याला मिळाले कारण त्यांचं मीटर घरगुती आहे. पीएम सूर्यघर ही घरांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी आहे (त्यांना किलोवॅटमागे १८,०००). ट्रस्टच्या वसतिगृहाला ती लागू नाही. कृषिपंपाची योजनाही शेतकऱ्याची. गावात पुरवठादार या सगळ्या योजनांची मिसळ करून वाढतात.

मी सीए आहे, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो. घसाऱ्याचा (यंत्राची किंमत वर्षावर्षाने नफ्यातून वजा करून कर वाचवायचा) फायदा सांगायला कोणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पवनचक्कीवर पूर्वी पहिल्या वर्षी ८० टक्के घसारा मिळे, एप्रिल २०१७ पासून ४० टक्के. पण तो नफ्यावर कर भरणाऱ्याला. तुमचा ट्रस्ट कर भरतच नाही, तर वाचवणार काय?

परदेशी पैशाचं ऐका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय परदेशातून एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचा रस्ताही तेव्हाच बंद झाला. त्यामुळे 'मोठ्या संस्थेच्या खात्यातून घेऊ' असं कोणी सुचवलं तर कानावर हात ठेवा. एकाच कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण त्यासाठी देणाऱ्याचं वचनपत्र आधी हातात लागतं. दोन युनिटसाठी हे करू नका.

तुमच्या कामाचा रस्ता सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचा आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटींच्या वर, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. सातव्या अनुसूचीत शिक्षणही आहे आणि पर्यावरणही. कायदा म्हणतो की आपल्या परिसराला प्राधान्य द्या, आणि नागपुरात मॉइल आहे, वेकोलि (कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स) आहे, बुटीबोरी-हिंगण्याच्या खासगी कंपन्या आहेत. फक्त कागद हवेत: १२ए (ट्रस्टची आयकर सवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ अर्ज, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी. तो सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. आहे का तुमच्याकडे?

टेकडीवरचा
१२ए आहे. ८०जीची फाइल कपाटात आहे, मुदत पाहावी लागेल. सीएसआर-१ हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

खातेवही
मग आधी कपाट उघडा. वाऱ्याचं नंतर.

सातपुडा_वारा
एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेत गेलो होतो, अनुदानातून बसवलेली चक्की 'फिरत नाही' म्हणून. बारा मीटरचा खांब, तीन तारांनी ताणलेला. एका तारेचा ताण द्यायचा स्क्रू कोणीतरी सोडवून त्यावर कपडे वाळत घातले होते. वर चढलो. शेपटीच्या सांध्यात साळुंकीचं घरटं, आत दोन निळी अंडी. तोंड फिरवायचं बेअरिंग गंजून धरलेलं, ग्रीसच्या जागी काळी माती. खाली बॅटऱ्यांच्या खोलीत पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या. फक्त पाटी चकचकीत, रोज पुसत असावेत. त्यावर रक्कम होती, उद्घाटकाचं नाव होतं.

मुख्याध्यापक बिचारे म्हणाले, "बसवायला पैसे होते हो, ग्रीसला नव्हते." ग्रीसचा डबा तेव्हा दोन-अडीचशेला यायचा. अंडी होती म्हणून मी काही न करता उतरलो. महिनाभराने परत गेलो.

अर्जवाली
हे वाचून हसावं की रडावं कळेना. याचसाठी मी अंदाजपत्रकात पाच वर्षांची देखभाल वेगळ्या ओळीत लिहायला लावते. लोक घाबरतात, रक्कम वाढेल म्हणून. उलट देणारा ती ओळ शोधत असतो. बॅटरी कोण बदलणार, कधी, कोणत्या पैशातून? लेड-ॲसिडची चार-पाच वर्षांत बदलावी लागतेच.

आणि हप्त्यांचं भान ठेवा. सरकारी अनुदान असेल तर पहिला हप्ता खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) दिल्याशिवाय दुसरा येत नाही. तो येईपर्यंत पुरवठादार दारात बसतो.

खातेवही
आणि तेव्हा कोणी सुचवतं, तात्पुरतं कर्ज काढू. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही, कलम ३६अ. विश्वस्तांनी घरचे दागिने ठेवू नयेत म्हणून सांगतो, पाहिलं आहे मी.

प्रयोगशाळा
मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. सर, वीज सौरवर घ्या, पण वाऱ्याचा नाद सोडू नका. वीज म्हणून नाही, शिक्षण म्हणून मागा. वाऱ्यावर नवीन काही करून दाखवणाऱ्याला आजही पैसे आहेत. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत नमुना यंत्र बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, स्टार्टअप इंडियाच्या २०२१ च्या बीज निधीत संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत होते, पण ती नवउद्योजकांची आणि नव्या कंपन्यांची कामं, इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत. तुमच्या मुलांसाठी इन्स्पायर-मानक ही शाळकरी मुलांच्या कल्पनांची सरकारी योजना आहे, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये. मुलं ज्या शाळेत जातात तिथून नाव जायला हवं.

वायुवेगमापक आमच्या विभागात एक पडून आहे. वाट्या शाबूत आहेत. घेऊन जा, वर्षभराच्या नोंदी मला द्या.

टेकडीवरचा
सर, उद्याच्या एसटीने येतो.

मोसंबी
मास्तर, एक सांगायचं राहून गेलं. तुमचा दुसरा टिन माझ्याकडे आहे. कोणाचा म्हणून माहीत नव्हतं, बकऱ्याच्या गोठ्यावर ठोकून टाकला. काढून देऊ का?

टेकडीवरचा
राहू द्या भाऊ. पावसाळा तोंडावर आहे, बकऱ्या भिजतील.

तर्रीवाला
म्हणजे विदर्भात पवनऊर्जेचा एक तरी लाभार्थी निघाला 🙏

टेकडीवरचा
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीनंतर धागा वर काढतो आहे. बरेच जण विचारून राहिले होते.

मापक गच्चीवर नाही लावलं, सातपुडा भाऊंच्या सांगण्यावरून टाकीशेजारी लोखंडी पाइपवर, झाडांच्या वर घेतलं. आठवीच्या दोन पोरांकडे वही दिली. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री आठ. आषाढाची पानं पाहून मी खूश होतो, सहा, सात, एकदा तर नऊ. भाद्रपदात उतरले. कार्तिकाचं पान पाहिलं तर रात्री आठच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. पोरांना कंटाळा आला म्हणून शेरे लिहिले आहेत: 'वारा नाही. उदबत्तीचा धूर सरळ.' 'वारा नाही. स्वयंपाकी काकांनी फुंकर मारली तर ४.' मी ते खोडायला लावलं नाही.

म्हणजे ज्या वेळी दिवा हवा त्या वेळी वारा नाही. पटलं.

मंडळाच्या बैठकीत वहीच ठेवली. एक विश्वस्त नाराज आहेत, त्यांना लांबून दिसणारं काहीतरी हवं होतं. ८०जीचं नूतनीकरण झालं, सीएसआर-१चा क्रमांक आला. ताईंनी अर्ज तपासून दिला: १ किलोवॅट सौर पॅनेल, बॅटरी, पंधरा बीएलडीसी पंखे, आणि पाच वर्षांची देखभाल वेगळ्या ओळीत. शेवटी मुलांच्या प्रयोगासाठी ३०० वॅटची लहान चक्की, तिच्यापुढे 'ग्रीस व बेअरिंग' असं मी स्वतः लिहिलं. सगळं मिळून जुन्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी.

कंपनीच्या बाईंचा फोन आला. पैशांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, ती वही पाहायला मिळेल का? पुढच्या गुरुवारी येत आहेत. त्यांना आणखी काय दाखवू?

अर्जवाली
लाइन गेलेली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबवा. नसेल तर मेन स्विच बंद करायचा मोह टाळा. विजेची बिलं, मुलांचा हजेरीपट आणि मागचे तीन ताळेबंद एका फाइलीत ठेवा. वही मुलांनाच दाखवू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

खातेवही
ताळेबंदावर सीएची सही आहे का ते आजच पाहा. गुरुवारी सकाळी नाही.

सातपुडा_वारा
लहान चक्की बसवाल तेव्हा खांबाला तडित-रोधक आणि वेगळं अर्थिंग घ्या, टेकाडावर उन्हाळ्याच्या तोंडी वीज पडते. ते अर्जात दिसत नाही, आत्ताच घाला, बाईंना सुधारित प्रत द्या. आणि ताणाच्या तारांना लाल फडकी बांधा, नाहीतर कपडे वाळत घालतील. मी रविवारी येतो. पाइप हलतो का पाहू.

टेकडीवरचा
या. काटोलच्या स्टँडवर उतरा, मोसंबी भाऊ गाडी घेऊन येतात म्हणाले.